बायकांसाठी ट्रेकिंगची सॅक: पाठीला नीट बसणारी कशी निवडायची? (नागपूर)

खामल्याची | १४ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराला जायचं पक्कं झालंय. मी, माझी नणंद आणि तिच्या ऑफिसातल्या दोघी. माझं वय ४३, उंची पाच फूट तीन इंच, वजन ५४ किलो. आजवर पचमढी, चिखलदरा आणि एकदा कळसूबाई, एवढंच चालणं झालंय. साडेबारा हजार फुटांवर आणि बर्फात पहिल्यांदाच जाणार आहे.

अडचण सॅकची आहे. ऑगस्टमध्ये छिंदवाड्यावरून पचमढीला गेलो होतो. धूपगड पायी चढायचं ठरलं होतं. सॅक मी त्याच आठवड्यात घेतली होती, पन्नास लिटरची, गुलाबी आणि करड्या रंगाची. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा लेडीज पीसच आहे." रिकामी सॅक पाठीवर टाकली, आरशात पाहिलं, आवडली, घेऊन आले. त्या दिवशी सामान जेमतेम सात किलो असेल. पण कमरेचा पट्टा खाली घसरून कुल्ल्यांवर यायचा आणि प्रत्येक पायरीला मांडीला अडायचा. वर ओढून आवळला की खांद्याचे पट्टे खांद्यावरून उचलले जायचे आणि अख्खी सॅक मला मागे खेचायची. शेवटी कंटाळून कमरेचा पट्टा सोडूनच दिला. तासाभराने पावसात एका झाडाखाली थांबलो तेव्हा उजव्या हाताची बोटं इतकी बधिर झाली होती की पाण्याच्या बाटलीचं झाकण मला फिरवता येईना. नणंदेने उघडून दिलं. तो क्षण काही डोक्यातून जात नाही.

आता विचारायचं असं की बायकांची सॅक खरंच वेगळी असते का, की नुसता रंग वेगळा असतो? किती लिटरची घेऊ? की सॅक खेचरावर द्यावी आणि आपण छोटी घेऊन चालावं? नागपुरात राहून घेता येईल असं सांगा, मुंबई-पुण्याला जाणं होणार नाही.

---

सातपुडा_पायवाट | १४ सप्टेंबर, रात्री १०:२५

खामल्याची ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. पट्टा कमरेवर आणला की खांदे सुटतात, खांदे आवळले की पट्टा कुल्ल्यांवर जातो. याचा अर्थ एकच, ती सॅक तुमच्या पाठीपेक्षा लांब आहे. सॅक खराब असेलच असं नाही, ती तुमच्या मापाची नाही.

गेली बावीस वर्षं सातपुड्यात आणि हिमालयात चालते आहे, त्यातली पहिली नऊ चुकीच्या सॅकेत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक उंचीवरून सॅक घेतात. उंचीचा आणि सॅकेचा थेट संबंध नाही, संबंध आहे तो पाठीच्या लांबीशी. माझी मुलगी आणि मी एकाच उंचीच्या, पण तिचे पाय लांब आणि पाठ आखूड, माझं उलटं. माझ्या सॅकेत ती दोन तास चालू शकत नाही.

पाठ मोजायची पद्धत सांगते. टेलरकडची कापडी टेप घ्या आणि मोजायला दुसरं कुणीतरी पाहिजेच, एकटीने जमत नाही. मान खाली घाला. मानेच्या बुडाशी जे हाड सगळ्यांत वर उठून येतं, ते एक टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. बोटांनी चाचपडून कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, बाजूला जिथे कडक लागतं ते. आपण परकराची नाडी बांधतो ती जागा बहुतेकींची याच्या वर असते, तिथे फसू नका. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ मणक्याला जिथे छेदते ते दुसरं टोक. टेप पाठीच्या बाकाला धरून न्यायची, हवेत ताणायची नाही.

सोळाच्या आत असेल तर बहुतेक कंपन्यांची अगदी लहान साइज, सोळा ते साडेसतराला स्मॉल, अठरा ते साडेएकोणीसला मीडियम, हे सगळं इंचात. कंपनीगणिक थोडा फरक असतो, म्हणून त्या-त्या सॅकेचा तक्ता बघायचाच.

आणि हो, बायकांची सॅक खरंच वेगळी असते, चांगल्या कंपनीची असली तर. पाठीचा भाग आखूड. खांद्याचे पट्टे अरुंद, एकमेकांच्या जवळ शिवलेले आणि छातीच्या बाजूने वळण घेत काखेकडे जाणारे. कमरेचा पट्टा तिरका कापलेला, कारण आपली कंबर वर निमुळती आणि खाली रुंद असते. पुरुषांचा सरळ पट्टा आपल्याला फक्त खालच्या काठावर टेकतो, वर फट राहते, आणि दिवसाच्या शेवटी हाडावर लाल रेघ उमटते. कंपन्यांची नावंच सांगायची तर ऑस्प्रेचं पुरुषांचं ॲटमॉस आणि बायकांचं ऑरा, ग्रेगरीचं पॅरागॉन आणि मेव्हन. डॉयटरच्या सॅकेच्या नावात एसएल असेल तर ती बायकांच्या मापाची. डेकॅथलॉनच्या फोरक्लाझ या प्रकारातही बायकांसाठी वेगळ्या सॅका येतात.

आधी माप घेऊन इथे टाका. मग पुढचं बोलू.

---

बर्डीवाला | १४ सप्टेंबर, रात्री ११:१०

ताई, हे वाचून मी सुन्न बसून राहिलो आहे बाप्पा. सात-आठ वर्षांआधी मी आपली जुनी सॅक बायकोला दिली आन् स्वतःसाठी नवी घेतली. तेव्हापासून प्रत्येक ट्रेकला ते मागे राहते. मी म्हणत होतो, तुह्या स्टॅमिना कमी आहे, सकाळी फिरायला जात जा. ते बिचारी वर्षभर अंबाझरीला चक्कर मारून राहिली. आज तिले उभं करून माप घेतलं. पाठ सोळा इंच. माह्या सॅकेची एकोणीस. तिले सांगितलं तर म्हणते, "मी तर सांगत होते ना तुम्हाले, हे बॅग मले पाठीमागे ओढते म्हणून."

सांगत होती. मी ऐकलं नाही.

---

सातपुडा_पायवाट | १५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

बर्डीवाला भाऊ, तुम्ही उघडपणे लिहिलंत हे फार चांगलं केलं. आमच्या गटातही असं कितीदा झालंय. बाई मागे पडली की दम कमी आहे असंच सगळे धरून चालतात, तीसुद्धा. सॅक अंगावरून काढून दुसरीच्या पाठीवर टाकून बघायचं कुणाला सुचत नाही.

---

फिजिओ_धरमपेठ | १५ सप्टेंबर, दुपारी १:१५

दवाखान्यात मधली सुट्टी आहे, तेवढ्यात लिहिते. बोटं बधिर होणं हलक्यात घेऊ नका. मानेतून निघून काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा एक जुडगा असतो. खांद्याच्या पट्ट्याने तो दाबला गेला, खांदा खाली आणि मागे खेचला गेला, की हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं सुरू होतं. जड ओझं वाहणाऱ्या सैनिकांमध्ये हे इतकं दिसलं की त्याला रकसॅक पाल्सी असं नावच आहे. बहुतेकांचं ओझं उतरवल्यावर बरं होतं, काहींना आठवडे लागतात. ताई, तुमची बोटं किती वेळाने पूर्ववत झाली? दुसऱ्या दिवशीही बधिर असतील तर आधी दाखवून घ्या, सॅकेचं नंतर.

यावर इलाज म्हणजे वजन खांद्यावरून कमरेवर आणणं. नीट बसलेल्या सॅकेचं वजन चारात तीन हिस्से किंवा त्याहून जास्त कमरेच्या हाडावर असतं. खांद्याचे पट्टे फक्त सॅकेला अंगाशी धरून ठेवतात. कमरेचं हाड पायांच्या मोठ्या स्नायूंच्या थेट वर आहे, ते हे काम दिवसभर करू शकतं. मान आणि खांद्याचे स्नायू नाही करू शकत.

वजनाचा साधा अंदाज असा: मुक्कामाच्या ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, दिवसभराच्या फिरण्याला १० टक्के. तुमचं वजन ५४, म्हणजे पाण्यासकट साधारण साडेदहा किलोपर्यंतच.

---

खामल्याची | १५ सप्टेंबर, रात्री ८:३०

बोटं त्याच रात्री ठीक झाली होती फिजिओताई, आता काही त्रास नाही. विचारलंत, बरं वाटलं.

माप घेतलं. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप, तीच पिवळी, जिचे पहिले दोन इंच झिजून कोरे झाले आहेत. त्या म्हणाल्या, "मान खाली घाल, हाड मी शोधते." ब्लाउज शिवणाऱ्या हातांना हाड लगेच सापडलं. कमरेचं हाड मात्र मला स्वतःला सापडेना, मी सारखी दोन इंच वर दाखवत होते, अगदी तुम्ही म्हणालात तसं नाडीच्या जागी. शेवटी त्यांनीच दोन्ही बाजूंनी बोटं रुतवून दाखवलं. तीनदा मोजलं. साडेपंधरा इंच.

मग ती गुलाबी सॅक जमिनीवर पालथी घालून मोजली. खांद्याचे पट्टे जिथे पाठीला शिवले आहेत तिथपासून कमरेच्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत अठरा इंच आणि वर थोडं. पट्टे वर-खाली करायची सोयच नाही, शिवून टाकलेले आहेत. अडीच इंच जास्त. सासूबाई म्हणाल्या, "अडीच इंच ढगळ ब्लाउज तू घातला असतास का?"

---

उंच_पोरगी | १५ सप्टेंबर, रात्री ९:०५

मला थोडं वेगळं सांगायचंय, कारण वाचणाऱ्या सगळ्याच जणी साडेपंधरा इंचाच्या नसतील. माझी उंची पाच फूट नऊ, खांदे रुंद, पाठ एकोणीस इंच. मी बायकांच्या चार सॅका घालून पाहिल्या, चारही आखूड. कमरेचा पट्टा वर पोटावर बसायचा, जेवल्यावर तर श्वास घ्यायला त्रास. खांद्याचे पट्टे मानेला घासायचे. शेवटी पुरुषांची मीडियम घेतली आणि चार वर्षं तीच आहे. तेव्हा "बायकांची" हे लेबल बघून घेऊ नका आणि ते बघून टाळूही नका. माप आणि अंगाला काय वाटतं ते बघा.

---

तिसरी_नाव_नको | १५ सप्टेंबर, रात्री ११:३०

इथे विचारू की नको करत होते. माझी छाती भारी आहे. छातीवरचा आडवा पट्टा कुठे लावायचा हेच मला कळत नाही. मधोमध लावला तर दुखतं, दिसतंही वाईट, लोक बघतात असं वाटतं, म्हणून मी तो लावतच नाही. मग पट्टे खांद्यावरून बाहेर घसरतात.

---

सातपुडा_पायवाट | १६ सप्टेंबर, सकाळी ६:३५

बरं झालं विचारलंस. दुकानात पुरुष विक्रेत्याला हे विचारताना जीभ अडते, म्हणून अनेकजणी वर्षानुवर्षं चुकीचा पट्टा लावतात.

हा पट्टा छातीच्या वर यायला हवा, गळ्याखालच्या आडव्या हाडापासून साधारण दोन बोटं खाली. तो वर-खाली सरकतो, छोट्या रुळावर किंवा बक्कलवर बसवलेला असतो. सॅक घेताना तो पुरेसा वर जातो का हे बघ. काही सॅकांमध्ये नाही जात, ती सॅक तुझी नाही. आणि तो आवळायचा नसतो. खांद्याचे पट्टे बाहेर पळू नयेत इतपतच. आवळलास तर श्वास अडतो. खांद्याचे पट्टे छातीला बाजूने वळसा घालून काखेच्या जरा पुढे उतरले पाहिजेत. सरळ पट्टे छातीवरूनच जातात, तिथेच दुखतं.

आत काय घालतेस त्यानेही फरक पडतो. खांद्यावर हूक किंवा प्लॅस्टिकची कडी असलेली ब्रा नको, सॅकेच्या पट्ट्याखाली ती कडी अख्खा दिवस रुतते. रुंद, सपाट पट्ट्यांची घे. मंगळसूत्र आणि चेन घरी ठेव किंवा पाकिटात, छातीपट्ट्याखाली मणी रुतून माझ्या गळ्याखाली एकदा जखम झाली होती.

केसांचंही सांगते. अंबाडा बांधून सॅक घालून बघ आणि मान मागे टाकून आकाशाकडे बघ. सॅकेचं टोपण अंबाड्याला लागलं तर चढावर वर बघता येत नाही, मान वाकडी करून चालावं लागतं. मी वेणी पुढे घेते.

---

महालकर | १६ सप्टेंबर, सकाळी १०:४०

एक माहिती. कमरेवर वजन घेणाऱ्या आजच्यासारख्या सॅका फार जुन्या नाहीत. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टी या सुताराने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅका करून विकायला सुरुवात केली. त्याआधी डोंगरात चालताना सांगाड्याची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली, तर खांदे एकदम हलके झाले, त्यावरून कमरेच्या पट्ट्याकडे तो वळला. सॅका शिवायची त्याची बायको नेना, घरीच. म्हणजे त्या सुरुवातीच्या सॅकांची शिलाई एका बाईच्या हातची होती.

दुसरं, ताई, नवी सॅक घ्यायच्या आधी जुनीचे पट्टे खाली घेऊन शिवता येतात का बघा. बर्डीवर बॅगा दुरुस्त करणारे आहेत, तासाभरात करून देतील.

---

सातपुडा_पायवाट | १६ सप्टेंबर, दुपारी २:२०

महालकर, केल्टीची गोष्ट मला फार आवडली.

पट्ट्यांच्या बाबतीत मात्र मी नाही म्हणेन. खांद्याचा पट्टा जिथे सॅकेला शिवलेला असतो तिथे आत जाड पट्टी आणि दुहेरी-तिहेरी शिवण असते, अख्खं वजन त्या दोन जागांवर लटकतं. तो उसवून दुसरीकडे, नुसत्या कापडावर शिवला, तर तिथे आधार नाही. बर्फात, मुक्कामापासून चार तासांवर तो सुटला तर काय करणार? चेन, बक्कल, फाटलेला खिसा, जाळी, हे सगळं त्यांच्याकडे जरूर द्या, फार सुबक काम करतात. पट्ट्याची जागा बदलू नका.

---

बर्डीवाला | १६ सप्टेंबर, रात्री ९:५०

एक विचारू काय? पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेले आमच्या मावश्या, काकू दरवर्षी जातात, नागपंचमीच्या टायमाले. साडीवर, पायात साधी चप्पल, डोक्यावर गाठोडं. त्याहिले कोणती सॅक लागते? मले हे चेष्टेने नाही विचारायचं, खरंच समजून घ्यायचं आहे.

---

फिजिओ_धरमपेठ | १६ सप्टेंबर, रात्री १०:३०

चांगला प्रश्न आहे भाऊ. डोक्यावरचं ओझं मणक्याच्या सरळ वर असतं, म्हणून ते बाजूला ओढत नाही. लहानपणापासून सवय असलेल्या बायका ते छान तोलतात. पण त्यांच्या मानेची किंमत मी रोज बघते. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी जणी मान आखडली म्हणून येतात आणि बोलता बोलता कळतं की तीस वर्षं पाणी, सरपण, गवत डोक्यावरून आणलंय. त्या करू शकतात याचा अर्थ त्यांना त्रास होत नाही असा नाही. माझी स्वतःची आत्या नागद्वारीला गाठोडं पाठीवर घेते आणि जुनं लुगडं कमरेभोवती दोन वेढे घालून गाठोड्याच्या बुडाखालून बांधते. वजन कमरेवर घ्यायचं तिला कुणी शिकवलं नाही, अंगानेच सांगितलं.

---

खामल्याची | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

आज दुकानात जाऊन आले, सविस्तर लिहिते.

घरून पाच किलो तांदळाची थैली आणि दोन लिटरची पाण्याची बाटली घेऊन गेले, म्हणजे सात किलो. दुकानातल्या मुलाला सांगितलं, सॅक भरून बघणार आहे. तो आधी गोंधळला, मग स्वतःच दोन उशा घेऊन आला, तांदूळ बुडाशी जाऊन बसू नये म्हणून खाली उशी, मध्ये तांदूळ पाठीला चिकटून, वर उशी. मुलगा हुशार होता.

पहिली घातली. सातपुडाताईंनी मला व्यक्तिगत निरोपात क्रम कळवला होता, तो इथे लिहिते म्हणजे सगळ्यांना उपयोगी पडेल. आधी सगळे बंद पूर्ण सैल. सॅक पाठीवर. मग कमरेचा पट्टा, त्याच्या गादीचा मध्य बरोबर हाडाच्या काठावर, आणि तो आवळायचा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, पण फक्त अंगाला लागतील इतके, ओढून नाही. मग खांद्यावरून सॅकेच्या वरच्या टोकाकडे जाणारे दोन छोटे बंद, ते साधारण ४५ अंशांत वर जायला हवेत. शेवटी छातीपट्टा.

पहिल्या सॅकेचा कमरेचा पट्टा पूर्ण ओढला तरी गादीची दोन्ही टोकं पोटावर एकमेकांना भिडली. म्हणजे आणखी आवळायला जागाच नाही. चालून आठ दिवसांत वजन उतरलं, जाडे कपडे काढले, की ती सैलच पडणार. बाद. दुसरीची पाठ सोळा इंच, पट्टा बसला, पण खांद्याचे पट्टे एकमेकांपासून इतके लांब की मी सारखी खांदे वर करून त्यांना धरून ठेवत होते. हे मला स्वतःला कळलंच नाही, नणंदेने आरशात दाखवलं.

तिसरीची पाठ मागे वर-खाली सरकवता येते. त्या मुलाने सगळ्यात खालच्या खाचेच्या एक वर लावली. मी पट्टा आवळला आणि खांद्याचे पट्टे दोन बोटं सैल केले. आणि खांद्यावर काहीच नाही! मी दोनदा विचारलं, तांदूळ आत आहेत ना? दुकानाचा जिना आठ वेळा चढले-उतरले, खाली वाकून बुटाची नाडी बांधली, बाकावर पाय ठेवून उभी राहिले. चाळीस मिनिटं घालून होते. सासूबाई बाहेर गाडीत बसून होत्या, त्या आत येऊन बघून गेल्या, खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सरकवून म्हणाल्या, "आता मापाचं झालं."

४५ लिटरची घेतली. तंबू आणि स्लीपिंग बॅग ट्रेकवाले देणार आहेत, त्यामुळे पुरेल. रंग मातकट हिरवा आहे.

---

तिसरी_नाव_नको | २१ सप्टेंबर, रात्री १०:०२

मी पण आज छातीपट्टा वर सरकवून गोरेवाड्याच्या बाजूला तासभर चालून आले. एकदाही घसरला नाही. इतकी साधी गोष्ट होती.

---

उंच_पोरगी | २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

ताई, पाठीला जाळी आहे का? काही सॅकांमध्ये पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळायला जागा असते. आपल्याकडच्या उन्हात सराव करताना फार बरं पडतं. पण त्यात वजन पाठीपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे जातं आणि ठासून भरली तर मागे ओढते, तेवढं सांभाळा.

खेचरावर द्यायचं विचारलं होतंत त्याबद्दल: दिली तरी दिवसाची सॅक पाठीवर असतेच. पाणी, जाकीट, रेनकोट, खाणं, औषधं, पॅड, सगळं त्यातच. ती चार-पाच किलो सहज होते. बहुतेक छोट्या सॅकांना कमरेला नुसती नाडीसारखी पातळ पट्टी असते, वजन घ्यायला उपयोगी नाही. म्हणून मी मोठी सॅकच अर्धी भरून पाठीवर घेते आणि बाजूचे बंद ओढून लहान करते. पॅड आणि एक छोटी पिशवी कमरेच्या पट्ट्याच्या खिशात ठेवा, सगळ्यांसमोर सॅक उघडून शोधावं लागत नाही. आणि पाळीच्या दिवसांत तो पट्टा अर्धा तास खांद्याला वजन देऊन सैल केला तरी चालतं, नंतर परत आवळायचा.

---

एक_आई_सक्करदरा | २२ सप्टेंबर, सकाळी ७:४५

माझं सिझेरियन होऊन दोन वर्षं झाली. कमरेचा पट्टा टाक्यांवर दाबेल का ही भीती आहे, म्हणून विचारते.

---

फिजिओ_धरमपेठ | २२ सप्टेंबर, दुपारी १:३०

नीट बसलेल्या पट्ट्याची गादी दोन्ही बाजूंच्या हाडांवर असते आणि बक्कल बेंबीच्या आसपास येतं. टाक्यांची जागा त्याच्या बरीच खाली असते. पट्टा खाली घसरणारा असेल तरच तिथे दाब येईल, म्हणून तुम्हाला मापाची सॅक जास्तच गरजेची आहे. पोटाच्या स्नायूंची ताकद परत आली आहे का हे तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, मग तीन किलोने सुरुवात करून हळूहळू वाढवा.

---

खामल्याची | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

तीन आठवडे झाले. दर रविवारी सेमिनरी हिल्सवर सॅक घेऊन चालते आहे, पाच किलोपासून सुरू केलं, आज नऊ होते. नागपूर सपाट, चढ मिळत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात रामटेकला अंबाळ्याच्या पायऱ्यांनी गडावर दोनदा चढले-उतरले.

पहिल्या रविवारी डावीकडे ओढ लागत होती. घरी येऊन उघडून पाहिलं तर दोन्ही पाण्याच्या बाटल्या मी डाव्या खिशात भरल्या होत्या. आता एक इकडे, एक तिकडे. जड वस्तू पाठीला चिकटून मध्यभागी, हलके कपडे खाली आणि बाहेर. उतरताना वरचे छोटे बंद जरासे आवळते, चढताना सैल करते. बोटं एकदाही बधिर झाली नाहीत. रामटेकला वर पोचल्यावर बाटलीचं झाकण मीच उघडलं, नणंदेचीही मीच उघडून दिली.

ती गुलाबी सॅक अजून कपाटावर पडून आहे. एकदाच वापरलेली, चेन-बक्कल सगळं शाबूत. पाठ अठरा इंच आणि वर थोडी. कुणाला बसत असेल तर सांगा, पैसे नकोत.

---

उंच_पोरगी | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

ताई, माझ्या धाकट्या बहिणीला पाहिजे! आत्ताच टेप लावली, सव्वाअठरा इंच. तिची पहिलीच सॅक होईल.

---

खामल्याची | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:११

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता जपानी गार्डनच्या गेटवर तिला घेऊन ये. तांदळाची थैली मी आणते, भरून घालून बघू दे आधी.

---

बर्डीवाला | १२ ऑक्टोबर, दुपारी १:४०

आम्ही दोघंही येऊन राहिलो आहो. हिची नवी सॅक कालच आली, तुम्ही एकदा बसवून द्या ताई.